टिचकी

परवा दुपारी माळा आवरताना आत्याची दागिन्यांची पेटी सापडली. वरची लाल मखमल पार उडालेली, आतली नाचरी बाहुली एका पायावर कलंडलेली. दागिने त्यात कधीच नव्हते. सेफ्टी पिना, सुटी बटणं, तुटकी जपमाळ. नियमाप्रमाणे तीनदा किल्ली दिली, झाकण उघडलं. वाजली की!

पितळी रुळावरचे बारीक खिळे पोलादी फणीचे दात छेडतात, की सूर निघतात. त्यातला एक दात माझ्या जन्माआधीच मोडलेला. तो स्वर जिथे जिथे यायचा तिथे नुसती पोकळी. आत्या मांडीवर दादरा धरायची आणि त्या पोकळीत झाकणावर बरोब्बर टिचकी मारायची.

ही धून ‘डॉक्टर झिवागो’तली, त्यातल्या नायिकेची, लाराची, हे कॉलेजात कळलं. १९६५चा डेव्हिड लीनचा सिनेमा. तीन तासांवर रशिया, क्रांती आणि बर्फ. (बरंचसं चित्रण स्पेनमधलं आणि त्या गोठलेल्या घरातला बर्फ मेणाचा, हे नंतर वाचलं. उगाच वाचलं.) संगीत मोरिस जारचं. त्याच्या चाली लीनला पसंत पडेनात. शेवटी लीन म्हणाला, रशिया विसर, प्रेयसीला घेऊन डोंगरात जा आणि तिच्यासाठी चाल लिही. त्या चालीत वाजते ती बालालायका, तीन तारांचं तिकोनी रशियन वाद्य. ते वाजवणारे लॉस एंजेलिसच्या रशियन चर्चमधून आणले. त्यांना नोटेशन वाचता येईना, म्हणून चाल कानावरून शिकवली. तिकडे हे नवलाने सांगतात. आपल्याकडे सनईवाल्याला नोटेशनचा कागद दिला तर तो त्यात तंबाखूची पुडी बांधेल.

जारला ऑस्कर मिळालं, पण मी थेटरात अस्वस्थ. टिचकीच्या जागी प्रत्येक वेळी एक भरघोस सूर! अख्खा वाद्यवृंद चुकतोय असंच वाटत राहिलं. अजूनही गुणगुणताना मी तो स्वर गिळतो. बायको विचारते, उचकी लागली का?

आत्याने तो सिनेमा पाहिला नव्हता. लग्नही केलं नव्हतं. पेटी कुणी दिली, असं एकदा विचारलं होतं. म्हणाली, “तीनदाच किल्ली दे हो, स्प्रिंग तुटेल.”