नागपूर ते बॅलार्ड पिअर, 'रोहना'च्या मागावर

'रोहना' हे दुसऱ्या महायुद्धात बुडालेलं सैनिकवाहू जहाज; त्याच्या खलाशांचं मुंबईतलं स्मारक बघायला आम्ही निघालो. विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळी नागपुरातून निघते आणि सकाळी सीएसएमटीला उतरवते. नाशिकरोड सुटलं की अंधारातच देवळाली येतं. इंग्रजांच्या काळात इथे फौजांचा मोठा तळ होता. शांततेच्या दिवसांत सैनिकवाहू जहाजं फक्त हिवाळी मोसमात सुटत. ज्याचं जहाज हुकलं, तो पुढच्या मोसमापर्यंत इथेच अडकायचा. आपल्या कामठीचा आणि या वाटेचा संबंध लावण्याचा मोह होतो, पण १९४१ मध्ये कामठीत उभी राहिलेली महार रेजिमेंटची दुसरी पलटण पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेली, म्हणजे बरोबर उलट दिशेला.

सीएसएमटीहून बॅलार्ड इस्टेट चालत पंधरा-वीस मिनिटं. १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचं इंदिरा डॉक, सुरू झालं; त्यातून निघालेल्या भरावावर जॉर्ज विटेटच्या आराखड्याने ही इस्टेट उभी राहिली. इथल्या बॅलार्ड पिअर या धक्क्यालगत रेल्वेचं मोल स्टेशन होतं. जहाजातून उतरलेला माणूस थेट गाडीत बसायचा. आता ते स्टेशन नाही आणि बंदराच्या फाटकातून पासशिवाय सोडत नाहीत. फोटोही बाहेरूनच काढा.

आम्हाला खरं बघायचं होतं ते ब्रिटिश इंडिया या जहाज कंपनीच्या 'रोहना'च्या खलाशांचं स्मारक. १९२६ सालचं, साडेआठ हजार टनांचं हे प्रवासी जहाज युद्धात सैनिकवाहू झालं. २६ नोव्हेंबर १९४३ ला सुमारे दोन हजार अमेरिकन सैनिक घेऊन ते हिंदुस्थानच्या मोहिमेवर चाललं होतं. अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ जर्मन विमानाने त्यावर एचएस-२९३ सोडला. हा पंख असलेला, रॉकेटने वेग घेणारा बॉम्ब विमानातला माणूस रेडिओने वळवत असे. तो डाव्या कुशीतून आत घुसला आणि इंजिनघर गेलं. वीज गेली, पंप बंद पडले, त्या बाजूच्या काही होड्या जागीच मोडल्या.

तरीही जहाज तासभर तरंगत होतं. म्हणजे माणसं उतरवायला वेळ होता. घोळ झाला तो होड्यांचा. जीवरक्षक होडी पुढच्या आणि मागच्या अशा दोन दोरांवर लोंबकळते आणि दोन्ही दोर सारख्या वेगाने सोडावे लागतात. वाचलेल्यांच्या जबान्या सांगतात की कप्प्या गंजल्या होत्या, दोर कुजले होते. एक दोर अडकला आणि दुसरा सुटत राहिला की होडी नाक खाली करून उभी लटकते आणि आतली माणसं समुद्रात सांडतात. बावीसपैकी जेमतेम आठच होड्या पाण्याला लागल्या. दुसरा घोळ जीवरक्षक पट्ट्यांचा. हवा भरणारा पट्टा काखेखाली छातीवर बांधायचा असतो. अनेकांनी तो कमरेला बांधला. पाण्यात पट्टा फुगला की कंबर वर आणि डोकं खाली. असा पट्टा नसलेलाच बरा!

१,०१५ अमेरिकन सैनिक मेले. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते, त्यांतलेही शंभराहून अधिक गेले. 'पायोनिअर' या अमेरिकन सुरुंगशोधक जहाजाने सहाशेच्या वर माणसं पाण्यातून काढली. या हानीची बातमी अमेरिकन सरकारने कितीतरी वर्षं दाबून ठेवली. मते वेगळी असतील, पण आमच्या लेखी बॉम्बइतकाच दोष त्या कप्प्यांचा.

स्मारकासाठी सीएसएमटीहून हार्बर किंवा मेन लाइनने एकच स्टेशन पुढे, मस्जिदला उतरा. पूर्वेला बाहेर पडून पी. डिमेलो रोडवरचं खलाशांचं वसतिगृह विचारा, इंडियन सेलर्स होम म्हटलं की कळतं. पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांवर माणसांची नावं इथे धातूच्या पाट्यांवर आहेत. दुसऱ्या युद्धातल्या, सागरातच राहिलेल्या खलाशांची नावं नोंदवहीत आहेत. तिचीच दुसरी प्रत बांगलादेशात चितगावला. ही राहती इमारत आहे, तेव्हा फाटकावर आधी परवानगी घ्या, आणि सुटीच्या दिवशी जाऊ नका.

खलाशांची बरीच नावं एकेरी आहेत, तीच ती पुन्हा येतात. नुसत्या नावाने माणूस सापडत नाही. घरूनच राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या संकेतस्थळावर 'रोहना' हे जहाजाचं नाव टाकून यादी काढा आणि ती छापून सोबत न्या.