सोनेरी डबडं

गिटारच्या पेडलला, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने चालू-बंद करायच्या पेटीला, आमच्या घरात ‘डबडं’ म्हणतात. शब्द आईचा. मी पहिलं पेडल आणलं तेव्हा तिने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, “यात काही ठेवता येतं का?” नाही म्हटल्यावर ती वस्तू तिच्या लेखी डबड्यातच जमा झाली.

परवा जेवताना मी तिला म्हटलं, अमेरिकेत असलं एक जुनं डबडं चार-पाच लाखांना विकलं जातं.

“सोन्याचं आहे?”

“सोनेरी आहे.”

तिने आमटी वाढली.

त्या डबड्याचं नाव क्लॉन सेंटॉर. बॉस्टन परिसरातल्या बिल फिनेगन नावाच्या गिटारवाल्याने 1994च्या अखेरीस ते विकायला काढलं. सोनेरी धातूची जाडजूड पेटी, वर तीन बटणं, आणि एक चित्र: खाली घोडा, वर माणूस, म्हणजे ग्रीक पुराणांतला सेंटॉर. आपल्याकडे हे काम किन्नरांचं. घोडा आणि माणूस यांचं मिश्रण आणि व्यवसाय गाण्याचा, हे आपल्या पुराणांनी कधीच ठरवून टाकलंय, त्यामुळे मला ते चित्र पहिल्यापासून ओळखीचं वाटलं.

हे पेडल आवाज फाडतं. म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण आपल्याकडे आवाज फाटणं हा दोष आहे. गवयाचा आवाज फाटला की लोक पान खायला उठतात. गिटारवाले मात्र तो फाटावा म्हणून पैसे मोजतात. असा आवाज काढणारी पेटी निघाली, तीही एका बिघाडातून. 1961च्या सुमारास अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सरचा एक भाग बिघडला, आवाज खरखरीत झाला, आणि ती खरखर लोकांना इतकी आवडली की 1962 साली ती मुद्दाम काढणारी पेटी बाजारात आली. तेव्हापासून आम्ही बिघाड विकत घेतोय.

फिनेगनला हवा होता तो व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारं, जुन्या रेडिओसारखं काचेच्या व्हॉल्व्हचं यंत्र) मोठ्याने लावल्यावर येणारा भरदार, किंचित फाटलेला आवाज. पण अ‍ॅम्प तितका मोठा लावला की शेजारी येतात, हॉलवाला येतो. बाजारातली पेडलं होती, पण त्यांवर पाय पडला की आधी पेडल ऐकू यायचं, वाजवणारा नंतर. त्याने केलं ते असं: गिटारकडून आलेल्या आवाजाचे आत फाटे फोडले. एक जर्मेनियम नावाच्या मूलद्रव्याच्या दोन इवल्याशा डायोडांतून (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांतून) जातो. लाट ठरावीक उंचीच्या वर गेली की हे डायोड तिचा शेंडा छाटतात, तोच तो फाटलेला आवाज. दुसरा तसाच, न मळता पुढे जातो. ‘गेन’ लिहिलेलं बटण दिसायला एक, पण आत एकाच दांड्यावर दोन बसवलेले. फिरवत गेलो की मळलेला आवाज वाढतो आणि स्वच्छ मागे सरतो, पण पार जात नाही.

म्हणून वादक या पेडलला ‘ट्रान्स्परन्ट’ म्हणतात. या शब्दाचा मला फार विचार पडतो. एवढा उपद्व्याप करून बनवलेल्या वस्तूला दिलेली सगळ्यात मोठी शाबासकी काय, तर ‘हिचं असं काही ऐकूच येत नाही.’ (तज्ज्ञ सांगतात की हे खरं नाही, मधल्या पट्टीला हे पेडल चांगलंच उचलतं. पण शाबासकी द्यायला बसलेल्याला कोण अडवणार?) साथीच्या हार्मोनियमवाल्याबद्दलही आपण हेच म्हणतो. त्याने मध्ये मध्ये केलं नाही, एवढ्यावर तो मोठा ठरतो.

हे सगळं आईला सांगितलं नव्हतं. तिला मी पुढचं सांगितलं. की हा माणूस स्वतः, एकेक पेडल, राहत्या घरात बसून जोडायचा. आठवड्याचे पन्नास-साठ तास. 2009च्या सुमारास थांबला तोवर जवळपास 8,000 झाली होती. किंमत तीनशे डॉलरच्या आसपास, आणि हाती फारसं उरत नव्हतं.

“एकट्याने?” लाखांच्या आकड्याला न थांबलेला पळीचा हात इथे थांबला.

आई गाते. तिचा तंबोरा मिरजेचा. लहानपणी तिच्याबरोबर सतारमेकर गल्लीत जवारी काढायला, म्हणजे तारांचा झणत्कार जुळवून घ्यायला, गेलो होतो, ते मला अजून दिसतं. कारागीर तंबोरा मांडीवर आडवा घेऊन घोडीवर कानस फिरवायचे, तार चढवायचे, छेडायचे, मान हलवायचे, पुन्हा उतरवायचे. दुपारभर. शेवटी तारेखाली सुताचा दोरा सरकवला, केसभर मागे, केसभर पुढे, आणि एका जागी तो तंबोरा अचानक बोलायला लागला. आईने पैसे दिले आणि वाकून नमस्कार केला. ते संकोचून म्हणाले, “अहो ताई, लाकूड चांगलं आहे.”

फिनेगनच्या नशिबी असा सुटसुटीत नमस्कार नव्हता. त्याने आतला सर्किट बोर्ड काळ्या इपॉक्सीत बुडवून टाकला होता. अराल्डाइटचा थर ओतावा तसा, कोणी नक्कल करू नये म्हणून. झाकलं की लोकांना वाटणारच, आत काहीतरी आहे. जर्मेनियमच्या त्या डायोडांना जादू चिकटली. सोनेरी पेटी चांगली की नंतरची रुपेरी, यावर माणसं भांडली. कोणी चिकाटीने तो थर खरवडून काढला, 2008च्या सुमारास आतला नकाशा सगळीकडे झाला, आणि नकलांची रांग लागली. मूळ पेटीची किंमत तरी उतरावी? ती चढतच गेली. नेल्स क्लाइन, जॉन मेयर यांच्यासारखे नावाजलेले गिटारवादक वापरतात म्हटल्यावर बाकीच्यांना दम निघेना.

2012 साली त्याने कारखान्यात जोडून घेतलेलं नवं लहान पेडल काढलं, केटीआर. त्याच्या पाठीवर नव्हे, चक्क तोंडावर एक वाक्य छापलंय. मराठीत साधारण असं होईल: कृपया ध्यानात असू द्या, अनेकांना खटकणारा हा हास्यास्पद गाजावाजा मी केलेला नाही. विकायच्या वस्तूवर अशी तक्रार मी दुसरीकडे पाहिलेली नाही. पुण्यातल्या दुकानांवर पाट्या असतात, पण त्या गिऱ्हाइकाला घाबरवायला.

मीही एक नक्कल बनवली. स्वस्तातला संच मागवला, त्यात नेमका डायोड दोनाऐवजी एकच निघाला. तपकीर ओढल्यासारखा चेहरा करून पुण्याच्या तापकीर गल्लीतला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातला, दुकानदार म्हणाला, “जर्मेनियम? रेडिओतले? वडिलांच्या वेळी होते.” तरी त्याने माळ्यावरून एक कळकट डबा काढला आणि चार डायोड पुडीत बांधून दिले. काचेची इवली नळी, आत मिशीच्या केसासारखी तार. पहिल्या रविवारी एक कपॅसिटर उलटा लावला. तो फट्कन फुटला आणि घरभर वास सुटला. दुसऱ्या रविवारी तो बदलला. तिसऱ्या रविवारी पेडल वाजलं. मग हिशेब केला: एका पेडलला तीन रविवार, तर या वेगाने 8,000 पेडलं जोडायला मला साडेचारशे वर्षांहून जास्त लागतील.

चौथ्या रविवारी परीक्षा घेतली. आईला पाठमोरं बसवलं. एकच ओळ दोनदा वाजवली, एकदा पेडलचा दिवा लावून, म्हणजे पेडल चालू करून, एकदा बंद करून.

“काही फरक?”

“मला काय कळतंय त्यातलं,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “पण दुसऱ्या वेळी बरं वाजवलंस. तुझं वाटलं.”

दुसऱ्या वेळी दिवा बंद होता. मी हसणार होतो, तेवढ्यात आठवलं. या पेडलचा दिवा बंद असला तरी आवाज आतल्या एका छोट्या टप्प्यातून जातोच. लांब केबलीत हरवणारी चमक तो टप्पा राखून ठेवतो. म्हणजे दुसऱ्या वेळी नक्की कोणी वाजवलं, हे मला अजून आईला सांगता आलेलं नाही.