सोंगाची पलटण

सोंग घेतलेला एकटा माणूस रस्त्यात उभा राहिला की लोक हसतात. तसाच दुसरा शेजारी येऊन उभा राहिला की तेच लोक बाजूला होऊन वाट देतात. मिरवणुकांवर पोसलेल्या कोल्हापूरकराला हे कुणी शिकवावे लागत नाही. परंतु याच अनुभवातून अमेरिकेत एक जगभर पसरलेली संघटना उभी राहिली, याचे मला फार कौतुक वाटते.

१९९७ साली साउथ कॅरोलायनातील अल्बिन जॉन्सन 'स्टार वॉर्स' या चित्रपटमालिकेतल्या पांढऱ्या चिलखताच्या शिपायाचा पोशाख चढवून चित्रपटगृहात गेले, तेव्हा अपघातात एक पाय गमावलेल्या या गृहस्थांची तिथे थट्टाच झाली. पुढे टॉम क्रूज हा मित्र (त्या नटाशी संबंध केवळ नावापुरता) तशाच वेषात सोबत आला आणि प्रेक्षकांचा नूर पालटला. त्या जोडीतून '५०१ लीजन' (लीजन म्हणजे पलटण) ही अशा सोंगकऱ्यांची संघटना जन्मली आणि आज साठाहून अधिक देशांत तिचे हजारो सभासद आहेत.

मला यात खरी हुशारी दिसते ती पात्राच्या निवडीत. नायक एकच असतो, त्यामुळे त्याचा वेष दोघांनी घेतला की तुलना आणि मग कुरबुर आलीच. शिपाई मात्र कितीही चालतात. शिवाय शिरस्त्राणाखाली चेहरा, वय, रंग सारेच झाकले जाते आणि उरतो तो सभासदाचा क्रमांक.

आपल्याकडे गॅदरिंग आले की ड्रेपरीच्या दुकानात धाव घ्यायची. खुंटीवर ओळीने जिरेटोप, पत्र्याच्या तलवारी, गोंदाचा वास मारणारी दाढी, अंगरखा ढगळ वाटतो म्हटले की मालक तोंडातली टाचणी काढून पाठीमागे टोचतात आणि म्हणतात, "कुणाच्याबी अंगात बसतंय बघा." लीजनमध्ये नेमके हेच चालत नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या उमेदवाराने स्वतःचा पोशाख सिद्ध करून त्याची छायाचित्रे पाठवायची आणि तपासनिसाने हातमोज्यापासून पट्ट्यापर्यंत प्रत्येक भाग पडद्यावरच्या पोशाखाशी ताडून पाहायचा. चिलखतासाठी प्लास्टिकचा पत्रा लोंबू लागेपर्यंत तापवून साच्यावर पसरतात आणि खालून हवा शोषून घेतात, म्हणजे तो साच्याला घट्ट बिलगतो. आमच्या उद्यमनगरातल्या, साचे घडवणाऱ्या पॅटर्नमेकरला हे काम दाखवले, तर तो आधी साच्याच्या उताराला नावे ठेवील आणि मग मुकाट्याने कामाला लागेल.

एवढा खटाटोप करून ही मंडळी मानधन घेत नाहीत. संयोजकांना एखाद्या धर्मादाय कार्याला देणगी द्यायला सांगतात आणि रुग्णालयांत आजारी मुलांना भेटायला जातात. जॉन्सन यांची मुलगी मेंदूच्या कर्करोगाने आजारी पडली, तेव्हा यंत्रमानव बनवणाऱ्या हौशी मंडळींनी तिच्यासाठी एक गुलाबी यंत्रमानव घडवायला घेतला. २००५ साली ती गेली. नंतर पूर्ण झालेला तो यंत्रमानव मुलांना भेटत राहिला.

त्याच वर्षीच्या 'स्टार वॉर्स' चित्रपटात एका सैन्यदलाला ५०१ हा क्रमांक देण्यात आला, म्हणजे चाहत्यांच्या सोंगाने मूळ कथेलाच नाव पुरवले. २००७ च्या पहिल्या दिवशी कॅलिफोर्नियातील पासाडेनाच्या 'रोझ परेड' या नववर्षाच्या मिरवणुकीत या पलटणीचे सुमारे दोनशे सभासद निर्मात्यांच्या निमंत्रणावरून शिस्तीत चालले. महाद्वार रोडवर अशी पलटण निघाली, तर मे महिना टाळावा आणि शिरस्त्राणात छोटा पंखा बसवावा, एवढीच माझी सूचना राहील. दोनशे जण जमवायची चिंता मात्र या गावात कुणी करू नये.