मिरजेच्या मामांचं २०१२ साल

"अगं, बँकेची साइट बंद पडली का?" मिरजेहून मामांचा फोन. बँकेचीच नाही, पेपरवाल्यांचीही बंद. सगळीकडे एकच पाटी, कनेक्शन सुरक्षित नाही. म्हटलं, कॉम्प्युटरवर खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसतेय? "एक जानेवारी दोन हजार बारा." अगदी शांतपणे.

साइट खरी असल्याचं एक प्रमाणपत्र ब्राउझर तपासतो आणि त्यावर मुदत असते, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत. २०१२मध्ये बसलेल्या ब्राउझरच्या लेखी ती सगळी प्रमाणपत्रं अजून जन्मायचीच होती.

शनिवारी गेले. सेटिंग्जमध्ये 'सिंक नाऊ' दाबलं, म्हणजे नेटवरून वेळ जुळवायला सांगितलं. फेल. वेळ पुरवणारा टाइम सर्व्हर बदलून दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा घातला, भारतीय प्रमाणवेळ ठेवतात तिथलाच. तरी फेल. विंडोज टाइम सर्व्हिस बंद करून चालू केली. मग राउटरवर संशय, कारण ही वेळ नेटवर यूडीपी नावाच्या पद्धतीने, १२३ नंबरच्या पोर्टवरून म्हणजे दारातून येते आणि तो कुठे अडवला असेल तर संपलंच. मोबाइलचं हॉटस्पॉट लावलं. तेच. तोवर मामींचा दुसरा चहा आला.

शेवटी अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडला आणि वेळ पुन्हा जुळवायची आज्ञा 'डब्ल्यू३२टीएम स्लॅश रिसिंक' मारली. तिथे खरं कारण छापून आलं: करावा लागणारा बदल फार मोठा आहे, म्हणून केला नाही. घरगुती विंडोजमध्ये ही मर्यादा मुळात ५४,००० सेकंदांची असते, म्हणजे १५ तास. त्याहून जास्त फरक दिसला की विंडोज सर्व्हरवरच विश्वास ठेवत नाही. हेच सेटिंग्जच्या पानावर लिहिलं असतं तर माझा तास वाचला असता.

तारीख-वेळ हाताने घातली, मग सिंक. दोन सेकंदांत झालं.

रविवारी सकाळी पुन्हा २०१२! मामांनी माझ्यासमोर मशीन चालू केलं, काळ्या स्क्रीनवर काहीतरी इंग्रजी आलं आणि त्यांनी न वाचताच एफ-वन दाबलं. "हे काय?" "ते रोजच येतं. एफ-वन दाबलं की जातं." तारीख सेट नाही, असं ते बिचारं आठवडाभर रोज सांगत होतं.

मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सेल संपला होता. मामा रात्री भिंतीवरचं बटण बंद करतात, वीज वाचावी म्हणून. प्लग चालू असता तर घड्याळ त्या विजेवर चाललं असतं आणि मेलेला सेल कुणाला कळलाही नसता. सीआर२०३२, तीन व्होल्टचा, रुपयाच्या नाण्याएवढा. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळाला. बाजूची खिट्टी नखाने दाबली, जुना टुणकन वर आला, नवा अधिकची बाजू वर ठेवून बसवला.

जुना फेकू दिला नाही मामांनी. मामींच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याला तोच लागतो म्हणे. घालून पाहिला. काटा चालूच होईना.