लेव्हल चारला अडकलेल्यांसाठी

स्कायडायव्हिंग शिकायला निघालेल्याला सगळे एकच विचारतात, भीती नाही का वाटत? वाटते. विमानाचं दार उघडून गार वारा आत घुसला की भल्याभल्यांना वाटते. पण भीतीचं एक बरं असतं, उडी मारल्यावर काही सेकंदांत ती विरते. माझा कोर्स बंद पडायची वेळ आली ती 'आपल्याला हे जमणार नाही' या विचाराने. हा विचार हवेत असताना कधीच आला नाही. तो यायचा जमिनीवर, हँगरमध्ये पंख्याखाली बाकावर बसलेलं असताना.

आधी जागेबद्दल. भारतात टँडम उडी, म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या पुढ्यात बांधून घेऊन मारायची उडी, हरियाणात नारनौलला मारता येते. स्वतःच्या पाठीवर पॅराशूट घेऊन एकट्याने उडी मारायला शिकायचं तर आपल्याकडचे बरेच जण थायलंड गाठतात. पट्टायाच्या जवळ, सी राचाच्या बाजूला अननसाच्या शेतांमध्ये धावपट्टी आहे, तिथे मी एएफएफ, म्हणजे एकट्याने उडी मारायला शिकवणारा कोर्स, केला. सात लेव्हल असतात. पहिल्या तीनमध्ये दोन इन्स्ट्रक्टर दोन्ही बाजूंनी धरतात, चौथीपासून एकच. 13,000 फुटांवरून बाहेर पडायचं, साधारण ताशी 190 ते 200 किलोमीटर वेगाने खाली यायचं आणि 5,500 फुटांवर आपल्या हाताने पॅराशूट उघडायचं. हाताशी जेमतेम पाऊण मिनिट असतं.

उडीच्या आधीचा वर्ग दिवसभर चालतो. त्यातला सगळ्यात जड भाग म्हणजे हार्नेसला लटकवून घेतलेली बिघाडांची तालीम. इन्स्ट्रक्टर डोळ्यांसमोर फोटो धरतो: दोऱ्यांना पीळ पडलाय, दोऱ्यांवरून खाली सरकणारा कापडी चौकोन, म्हणजे स्लायडर, वरच अडकलाय, पॅराशूट पिशवीतून बाहेरच आलेलं नाही. फोटो बघून दोन सेकंदांत सांगायचं, बिघाड सुटेल की हे पॅराशूट तोडून टाकायचं. 2,500 फुटांवर येईपर्यंत निर्णय व्हायलाच हवा. तोडायचं ठरलं तर लाल हँडलकडे बघा, धरा, ओढा, मग रुपेरी, म्हणजे राखीव पॅराशूटचं. शंकेची पहिली पाल इथेच चुकचुकते, कारण चाळिशीत पाठांतराची सवय गेलेली असते आणि शेजारचा बावीस वर्षांचा मुलगा धडाधड उत्तरं देत असतो. माझ्या शेजारी कोल्हापूरचा एक मुलगा होता, पुण्यात आयटीत काम करणारा. मी आपलं त्यालाच धरलं. संध्याकाळी हॉटेलच्या पायऱ्यांवर तो फोटो दाखवायचा, मी मोठ्याने बोलत हाताने रिकाम्या हवेत हँडल ओढायचे. येणाजाणारे बघायचे, बघू देत. हे मनातल्या मनात करून भागत नाही. हाताला कळायला हवं.

पहिल्या तीन लेव्हलबद्दल फारसं लिहिण्यासारखं नाही. पहिल्या उडीतलं निम्मं कुणालाच आठवत नाही, मेंदू भरून वाहतो. दुसरी-तिसरीत क्षितिज दिसायला लागतं, मनगटावरचा उंची दाखवणारा अल्टिमीटर वाचता येतो. दोन माणसांनी धरलेलं असल्यामुळे आपल्याला सगळं जमतंय असं वाटत राहतं. त्यातला किती भाग त्या दोघांचा होता ते चौथीला कळतं.

चौथीत एकच इन्स्ट्रक्टर असतो आणि तो हवेत आपल्याला सोडून समोर येतो. आपण नव्वद अंश डावीकडे वळायचं, थांबायचं, मग उजवीकडे. त्याने मला सोडलं आणि मी न वळताच फिरायला लागले. आधी हळू, मग जोरात. समोरचा माणूस डावीकडे सरकत नजरेआड झाला, ढग आडवे धावायला लागले. त्याने येऊन पकडलं, फिरणं थांबलं, सोडलं, परत तेच. मनगट बघितलं, उंची झाली होती, हात हलवून खूण केली आणि पायलट शूट, म्हणजे मोठं पॅराशूट बाहेर ओढणारी छोटी छत्री, फेकलं. खाली आल्यावर लॉगबुकमध्ये एक शब्द पडला, रिपीट. पुढच्या खेपेलाही तोच शब्द, आणि त्याच्या पुढच्याही.

कुणी काही बोलत नाही, हे उलट जास्त लागतं. पैसे भरताना काउंटरवरची मुलगी गोड हसून पावती देते, प्रत्येक रिपीटचे वेगळे पैसे असतात. मग वारा वाढतो. विद्यार्थ्यांसाठी वाऱ्याची मर्यादा कमी असते, अमेरिकेच्या यूएसपीए या स्कायडायव्हिंग संस्थेच्या नियमात ती ताशी 14 मैल आहे. त्यामुळे परवानाधारक मंडळी लोडमागून लोड, म्हणजे विमानाच्या फेरीमागून फेरी, वर जातात आणि विद्यार्थी बाकावर. तिथे बसून इतरांच्या रंगीत छत्र्या उतरताना बघायच्या आणि मनात हिशेब मांडायचा: रजा किती उरली, पैसे किती उरले, आपलं वय काय, आपण हे कुणाला दाखवायला करतोय.

घरचे फोनवर धीर देतात, पण त्यांच्या धीराची एक ठरलेली वाट आहे, ती शीतल महाजनपर्यंत जाते. पुण्याच्या शीतल महाजन यांनी 2004 साली उत्तर ध्रुवावर उडी मारली आणि ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच उडी होती. 2011 साली पद्मश्री मिळाली. 2018 साली तर याच पट्टायाच्या आकाशात त्यांनी नऊवारी नेसून उडी मारली. माझी आई म्हणाली, "अगं, त्या बाईनं नऊवारीत मारली, तुला पॅन्टीत जमेना होय?" आईला वाटलं आपण हुरूप दिला. त्या दिवशी मी फोन ठेवून अर्धा तास भिंतीकडे बघत होते. नंतर मात्र विचार केला, नऊवारीतली उडी मारली तेव्हा त्यांच्या मागे कित्येक वर्षांच्या शेकडो उड्या होत्या. ज्या टोकाला त्या उभ्या होत्या तिथून माझं लेव्हल चार मोजण्यात अर्थ नव्हता. मोठ्यांचा आदर्श घरी भिंतीवर असावा, ड्रॉप झोनवर, म्हणजे उड्यांच्या मैदानावर, बरोबर नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत झालंय.

गाडी पुढे सरकली ती व्हिडिओच्या खोलीत. तोवर मी व्हिडिओ बघताना फक्त स्वतःचा घाबरलेला चेहरा बघत होते. एका इन्स्ट्रक्टरने चित्र थांबवलं आणि पेनाचं टोक माझ्या डाव्या बुटावर ठेवलं. उजवी पोटरी वर उचललेली, बुटाचा तळ मागे वाऱ्यात. डावा पाय मात्र गुडघ्यात इतका दुमडलेला की बूट जवळजवळ पाठीवर टेकायला आलेला. "हा पाय कुठे आहे असं तुला हवेत वाटत होतं?" त्याने विचारलं. मला काहीच वाटत नव्हतं. हवेत मला पायच नव्हते. धावत्या एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून पंजा तिरका केला की हात जसा आपोआप उचलला जातो, तसंच सगळ्या शरीराचं असतं. एक पोटरी वाऱ्यात आणि दुसरी आडोशाला गेली की शरीर वळणारच.

कोल्हापूरकराला सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, आर्च एक नंबर आहे तुमचा. पाय तेवढे कुठं असतात ते तुम्हालाच म्हाईत नाही." आर्च म्हणजे पोट पुढे काढून अंगाला दिलेला कमानीसारखा बाक. इतक्या दिवसांत कुणी माझ्याबद्दल एवढं नेमकं बोललं नव्हतं. 'मला जमत नाही' या वाक्याला उत्तर नसतं. 'डावा गुडघा जास्त दुमडतो' याला असतं. तेव्हापासून मी वहीत 'जमलं नाही' लिहायचं बंद केलं. प्रत्येक उडीनंतर शरीराचा एक अवयव आणि त्याने काय केलं एवढंच लिहायचं. हनुवटी खाली होती. डावी कोपर मागे. श्वास धरला होता. असं लिहिलं की निराशेला बसायला जागाच उरत नाही, ती येते आणि गुडघ्याबद्दल बोलणं चाललंय हे बघून निघून जाते.

मग पायांचं काम सुरू केलं. हॉटेलच्या पलंगाच्या कडेला पोटावर पडायचं, मांड्यांपासून पाय बाहेर, आणि कुणाला तरी पोटऱ्या समांतर आहेत का बघायला सांगायचं. डोळे मिटून तेच. बोटं ताणली की पाय जागे होतात, ही युक्ती इन्स्ट्रक्टरने दिली. हवेत हरवल्यासारखं वाटलं तर दोन्ही पायांची बोटं एकमेकांवर हलकी आपटायची, म्हणजे दोन्ही पाय सारखे आहेत की नाही ते कळतं. आणि स्टॉपवॉच लावून, डोळे मिटून, अख्खी उडी खऱ्या वेगाने मनात करायची. सगळे मनातल्या मनात दहा सेकंदांत उरकतात, मीही तेच करायचे. पाऊण मिनिट खरंच पाऊण मिनिट घेऊन बघा, त्यात केवढा वेळ असतो ते कळून अंग सैल पडतं. अंग सैल पडणं हीच तर निम्मी उडी. हाताचा पंजा सैल हलवून दाखवायची खूण इन्स्ट्रक्टर करतात, तिचा अर्थ 'सोड जरा'. मला ती इतक्या वेळा मिळाली होती की स्वप्नातही दिसायची.

आणखी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्या, तिने शंकेचा अर्धा भार उतरतो. उडीतल्या कामांचा क्रम ठरलेला आहे. पहिलं, पॅराशूट उघडणं. दुसरं, ठरलेल्या उंचीवर उघडणं. तिसरं, स्थिर असताना उघडणं. म्हणजे गोल फिरत असलात तरी उंची आली की ओढायचं, स्थिर व्हायची वाट बघत बसायचं नाही. माझ्या सगळ्या फसलेल्या उड्यांत पहिली दोन कामं ठरल्याप्रमाणे झाली होती. लॉगबुकमध्ये 'रिपीट'च्या खाली दर वेळी उघडण्याची उंची बरोबर लिहिलेली होती, ती ओळ मी वाचतच नव्हते. विद्यार्थ्यांच्या रिगमध्ये, म्हणजे पाठीवरच्या पॅराशूटच्या संचात, एएडी नावाचं उपकरणही असतं, ठरावीक उंचीखाली तुम्ही अजून वेगाने पडत असाल तर ते रिझर्व्ह, म्हणजे राखीव पॅराशूट, आपोआप उघडतं. पण त्याच्या भरवशावर कुणी राहत नाही, तुम्हीही राहू नका.

सगळ्याच शंका झटकायच्या नसतात मात्र. रात्री झोप झालेली नाही, सर्दीने कान-नाक बंद आहे, वर्गातलं काही नीट कळलेलं नाही, तर त्या दिवशी उडी नको म्हणा. विमानात बसल्यावर नको वाटलं तर विमानातूनच खाली या. एक बाई तशा परत आल्या होत्या, कुणी चकार शब्द काढला नाही, दुसऱ्या दिवशी त्यांनी झकास उडी मारली. पट्टायाला गेल्यावर स्कूबाचाही मोह होतो. दोन्ही करायचं असेल तर स्कूबानंतर किमान 24 तास जाऊ द्या, विमानात हवेचा दाब कमी होतो आणि त्याचा शरीराला धोका असतो. शक्यतो स्कूबा कोर्स संपल्यावरच ठेवा. इन्स्ट्रक्टरशी सूर जुळत नसेल तर बदलून मागण्यातही लाज नाही. मी मागितला होता, आणि बुटावर पेन ठेवणारा तोच.

लेव्हल चार पास झालं ते सकाळच्या पहिल्या लोडला. समोर इन्स्ट्रक्टर, मागे क्षितिज, आणि दोन्ही जागीच उभे. वळले, थांबले, परत वळले. खाली आल्यावर कोल्हापूरकराने दोन्ही हात वर करून "जमलं बघा!" अशी आरोळी ठोकली की धावपट्टीवरची कुत्री उठली. पुढच्या लेव्हलमध्ये पूर्ण गिरक्या, एकट्याने बाहेर पडणं, मागची कोलांटी. कोलांटीला मी घाबरत होते, ती सगळ्यात सोपी निघाली, कारण काही बिघडलं तर परत आर्च करायचा एवढंच असतं.

उतरण्याची धास्ती वेगळी, तिच्याबद्दल फार कमी जण आधी सांगतात. 1,000 फुटांवर वाऱ्याच्या दिशेने, 600 ला वळण, 300 ला वाऱ्याकडे तोंड, आणि जमीन दहा-बारा फुटांवर आली की दोन्ही टॉगल, म्हणजे पॅराशूट वळवायच्या दोऱ्यांच्या मुठी, खाली ओढून फ्लेअर, म्हणजे वेग मारणं. पायाखाली बघितलंत की फ्लेअर चुकणार, नजर पुढे लांब ठेवा. हेल्मेटमधल्या रेडिओवर खालून सूचना येतात, पण तो मध्येच गप्प होऊ शकतो, म्हणून नकाशावर आपला रस्ता आधी बोटाने आखून घ्या. शंका आली तर पाय आणि गुडघे घट्ट जुळवून अंगावर लोळण घ्या. उभं राहून उतरण्याचा हट्ट घोट्याला महागात पडतो.

आता जाणाऱ्यांसाठी राहिलेलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कोरडा हंगाम बरा, पावसाळ्यात नुसती वाट बघणं होतं. सकाळी वारा शांत असतो, म्हणून पहिल्या लोडला नाव द्या आणि मुक्काम जवळ करा. रिपीटचे पैसे बजेटमध्ये आधीच वेगळे काढा. ते काढून ठेवलेले असले की रिपीट हा खर्च राहतो, अपमान होत नाही. परतीच्या तिकिटाला दोन-चार दिवस मोकळे ठेवा. साध्या प्रवास विम्यात स्कायडायव्हिंग बहुतेक वेळा वगळलेलं असतं, बारीक अक्षरं वाचूनच पॉलिसी घ्या. बूट लेसचे हुक नसलेले, साधे खेळाचे. नाश्ता हलका पण कराच, रिकाम्या पोटी विमानात डोकं गरगरतं. हैदराबादला हवेचा बोगदा आहे, खालून जोराचा वारा सोडून माणसाला तरंगवणारा, जायच्या आधी तिथे काही मिनिटं घालवलीत तर पोटऱ्यांची ओळख घराजवळच होईल.

यूएसपीएच्या ए परवान्याला, म्हणजे पहिल्या पायरीच्या परवान्याला, किमान 25 उड्या लागतात, त्या एका रजेत बसत नाहीत. मध्ये 30 दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर परत गेल्यावर पहिली उडी इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली करावी लागते, ती रक्कमही धरून चाला. लॉगबुक हातसामानात ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.