बेंडिगोत घर घेताना: आधी पायाखालची जमीन

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातलं, मेलबर्नपासून सुमारे 150 किलोमीटरवरचं बेंडिगो आम्ही निवडलं ते नोकऱ्या गावातच आहेत म्हणून. मोठं हॉस्पिटल आहे, ला ट्रोब विद्यापीठाचा कॅम्पस आहे, बेंडिगो बँकेचं मुख्यालयही इथंच. व्ही-लाइनची रेल्वेगाडी मेलबर्नला दोन तासांत पोचवते. आठवड्यातून दोनदा ऑफिस असेल तर निभतं, रोजची ये-जा मात्र अंगावर येते.

इथं 1851 मध्ये सोनं सापडलं, आणि गावाखाली अजूनही जुन्या खाणींची विवरं आहेत. म्हणून घर आवडलं की सर्वांत आधी मी त्याचा पत्ता राज्य सरकारच्या जिओविक या खाणींच्या ऑनलाइन नकाशात टाकून बघायचो. नकाशात खूण नाही म्हणजे विवर नाही, असं समजू नका; जुन्या नोंदी अपुऱ्या आहेत. अंगणात गोल खोलगट भाग किंवा गवत न धरणारा फिकट, वाळूसारखा थर दिसला की थांबा. खाणीच्या चुऱ्यात आर्सेनिक असू शकतं. भाजीचा वाफा करायचा असेल किंवा मुलं मातीत खेळणार असतील तर माती तपासून घ्याच.

गोल्डन स्क्वेअर, क्वारी हिलकडच्या जुन्या लाकडी घरांत फरशीखालचे खुंट, म्हणजे घर ज्यांवर उभं असतं ते आखूड खांब, बघावे लागतात. रेडगम लाकडाचे खुंट जमिनीलगत कुजतात. मग दार वरच्या कोपऱ्यात घासतं, चौकटीवर तिरकी भेग पडते. नवा रंग नेमका त्या भेगेवरच असेल तर इन्स्पेक्टरला फरशीखाली शिरायला सांगा. 1990 च्या आधीचं घर असेल तर अ‍ॅस्बेस्टॉस आहे असं धरूनच चाला.

मेडन गली किंवा स्ट्रॅथफिल्डसेच्या जंगलालगतचा प्लॉट घ्यायचा असेल तर सेक्शन 32 मध्ये, म्हणजे विकणाऱ्यानं द्यायच्या माहितीपत्रकात, बुशफायर ओव्हरले (वणव्याच्या धोक्याचा पट्टा) शोधा. तो असला तर बांधकामाआधी बीएएल रेटिंग, म्हणजे वणव्याचा धोका किती याची श्रेणी, लागतं, आणि रेटिंग चढलं की खिडक्या, जाळ्या, डेक सगळंच महाग होतं. ही नुसती कागदी भीती नाही: 7 फेब्रुवारी 2009 च्या आगीत शहराच्या पश्चिमेकडची घरं जळाली.

करारात सगळ्यांत जास्त चुकतं ते इथं. कर्ज आणि बिल्डिंग रिपोर्टच्या अटी छापील असतात, पण चौकोनात खूण नसेल तर त्या लागूच होत नाहीत. रिपोर्टची अटही फक्त मोठ्या संरचनात्मक दोषासाठी असते. गळक्या नळावरून करार मोडत नाही. खाजगी विक्रीत सहीनंतर कामाचे 3 दिवस माघार घेता येते, त्यासाठी किमतीच्या 0.2 टक्के किंवा 100 डॉलर, जे जास्त असेल ते, सोडावे लागतात. लिलावात ही सोय नाही. म्हणून सही करण्याआधीच करार कन्व्हेयन्सरला (खरेदीची कागदपत्रं बघणाऱ्या व्यावसायिकाला) दाखवा.

पहिल्या घराला 6 लाख डॉलरपर्यंत स्टॅम्प ड्युटी माफ आहे, साडेसात लाखांपर्यंत सवलत. वर्षाच्या आत राहायला जाऊन सलग 12 महिने राहावं लागतं. 491 या तात्पुरत्या प्रादेशिक व्हिसावरच्यांनी हिशेब वेगळा मांडावा: तात्पुरत्या व्हिसावर 1 एप्रिल 2025 पासून जुनं घर घेण्यावर बंदी आली, आणि नव्या घराला परकीय गुंतवणुकीची परवानगी व 8 टक्के जादा ड्युटी लागते.

सेटलमेंटच्या, म्हणजे उरलेले पैसे देऊन घर ताब्यात घेण्याच्या, आधीच्या 7 दिवसांत घर पुन्हा बघता येतं. तेव्हा हीटर लावून बघा आणि गरम पाणी सोडून बघा. इथं हिवाळ्यात पहाटे पारा शून्याखाली जातो.