आंबोलीतला निळा माशीमार : पाठ दिसेपर्यंत थांबा

फेब्रुवारीअखेर दोन दिवस आंबोलीला जाऊन आले, ते एकाच पक्ष्यासाठी. पांढऱ्या पोटाचा निळा माशीमार चिमणीएवढाच, पण पश्चिम घाटाबाहेर कुठेच नाही.

पहिल्या सकाळी हिरण्यकेशीच्या वाटेवर नारिंगी छाती दिसली आणि मी वहीत 'टिकेलचा' लिहून मोकळी झाले. टिकेलचा निळा माशीमार ओळखीचा, पुण्यातल्या दाट झाडीतही भेटतो. त्याच्या नराची पाठ निळी, गळा-छाती नारिंगी, पोट पांढरं. मादी तशीच, जरा फिकी. पण हा पक्षी वळला, तर पाठीवर निळ्याचा मागमूस नाही! हिरवट तपकिरी पाठ, तांबूस शेपटी, डोळा आणि चोचीच्या मध्ये पांढुरका डाग. पांढऱ्या पोटाच्या माशीमाराची मादी होती ती. वहीतलं नाव खोडलं. नुसत्या छातीवरून नाव ठरवू नका.

पांढऱ्या पोटाच्या माशीमाराच्या नराची छातीही गडद निळी असते. मात्र रानातल्या सावलीत तो सरळ काळाच वाटतो, कपाळावरचा उजळ निळा तेवढा लकाकतो.

दुसऱ्या दिवशी फिरलेच नाही. साडेसहालाच ओढ्याकाठच्या दगडावर जाऊन बसले. उजाडल्यावर बऱ्याच वेळाने नर आला आणि कारवीच्या काटकीवर, जेमतेम कमरेच्या उंचीला, ताठ बसला. मान तिरकी करून खालच्या पाचोळ्याकडे बघत राहिला. मग एकदम खाली झेप, चोचीत किडा आणि परत तीच काटकी. असं पाच-सहा वेळा. मला श्वास घेतल्याचंही भान नव्हतं.

जाणाऱ्यांनी कोकण रेल्वेने सावंतवाडीला उतरावं. तिथून एसटीने घाट चढला की आंबोली, साधारण तीस किलोमीटर. दुर्बीण ८ बाय ४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) असली तर अंधाऱ्या झाडीत बरं पडतं. कपडे मळखाऊ रंगाचे, पहाटेला स्वेटर हवाच. पावसाळ्यात गेलात तर जळवा चढणार, पायमोजे लांब घाला. आणि कृपा करून मोबाइलवर त्याची शीळ वाजवू नका. हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून तो खाणंपिणं सोडून शोधत फिरतो. विणीच्या दिवसांत हे फार महागात पडतं.

निघण्याआधी पुन्हा त्या दगडापाशी गेले. नर नव्हता. काटकीवर मादी होती, आणि वरच्या झाडीतून टिकेलच्या नराची छोटी, धातूसारखी खणखणीत शीळ येत होती.